हिस्लॉपचा कोच आणि मेम्फिसची कचरागाडी

"पाद्र्यानं रविवारी प्रवचन द्यावं, लग्नं लावावीत, कुणी गेलं तर माती द्यायला उभं राहावं. कचरा उचलणाऱ्यांच्या संपात त्याचं काय काम?" वकीलसाहेबांनी हे म्हटलं आणि सिव्हिल लाइन्सच्या आमच्या कोपऱ्यावर सगळ्यांच्या हातातले तर्री-पोहे निवत गेले.

मूळ खोड बंटीची. बंटी हिस्लॉप कॉलेजात शिकतो आणि संध्याकाळी ॲपवरून पार्सलं पोचवतो. त्यानं आल्या आल्या बॉम्ब टाकला होता, "मार्टिन ल्यूथर किंगले अहिंसा शिकवणारा माणूस आपल्या कॉलेजात कोच होता म्हणते. हौ, खेळाचा कोच. इथंच, नागपुरात."

"फेकू नको बे," वकील म्हणाले.

"फेकत नाही तो," मास्तर म्हणाले. मास्तरांनी हयातभर इतिहास शिकवला. त्यांचं 'नाही' म्हणजे पुढचा अर्धा तास गेला असं समजायचं. "जेम्स लॉसन. मेथडिस्ट पंथाचा अमेरिकन पाद्री. पुढं तिकडच्या मेम्फिस शहरात कचरा कामगारांच्या संपात उतरला तो हाच. १९५३ ते ५६ नागपुरात होता, हिस्लॉपला शिकवायचा आणि पोरांचे खेळ घ्यायचा. 'किंगला शिकवलं' हे जरा चढवून सांगितलेलं आहे. पण अहिंसक लढ्याचा जगातला पहिल्या फळीचा जाणकार म्हणून किंग त्याचंच नाव घ्यायचा, हे खरं."

इथं मला एक कबूल केलंच पाहिजे की नागपूरकरांची या बाबतीत कमाल आहे. गावात कोण मंत्री कधी कुठं जेवून गेला ते आपल्याला तोंडपाठ, आणि ज्यानं अमेरिकेतल्या एका शहराची घडी बदलली तो माणूस तीन वर्षं आपल्या गल्लीत राहून गेला, त्याचा पत्ता नाही.

लॉसन इथं आला तो तुरुंग भोगून. जन्म १९२८चा, पेनसिल्व्हेनियातल्या युनियनटाउनचा. वाढला ओहायोतल्या मॅसिलन गावात. बापही पाद्रीच, पण कमरेला पिस्तूल बाळगणारा पाद्री. काळ्या माणसाच्या वाट्याला जाल तर याद राखा, असा खाक्या. आई त्याच्या अगदी उलट. पोरगा दहा वर्षांचा असेल-नसेल. रस्त्यानं जाताना गाडीत बसलेल्या एका गोऱ्या मुलानं त्याला त्याच्या रंगावरून घाणेरडी शिवी दिली. यानं जाऊन ठेवून दिली एक मुस्काटात आणि घरी येऊन मोठ्या ऐटीत आईला सांगितलं. आई स्वयंपाकात होती. पाठ न वळवता तिनं विचारलं, "त्यानं काय भलं झालं, जिमी?" एवढंच. पोराला ते पुढं ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं पुरलं.

मग कोरियाचं युद्ध आलं. विद्यार्थी म्हणून किंवा होऊ घातलेला पाद्री म्हणून त्याला सैन्यभरतीतून सूट मिळाली असती. त्यानं सूट घ्यायचंच नाकारलं, कारण सूट मागणं म्हणजे भरतीचा कायदा मान्य करणं. तीन वर्षांची सजा झाली, १३ महिने भोगली. सुटला, पदवी पुरी केली आणि मिशनरी म्हणून थेट नागपूर. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. १९५५च्या डिसेंबरात 'नागपूर टाइम्स'मध्ये त्यानं बातमी वाचली की अलाबामातल्या माँटगोमेरी गावात काळ्या लोकांनी शहर बसवर बहिष्कार टाकलाय आणि त्यांचा पुढारी सव्वीस वर्षांचा एक पाद्री आहे, म्हणजे किंग. वाचून हा गडी आनंदानं ओरडायलाच लागला म्हणतात. जे शिकायला एवढ्या लांब आलो, ते तिकडं आपल्या घरी सुरू झालं होतं.

"म्हणजे गांधी शिकायले आला होता," काकाजी पहिल्यांदा बोलले.

काकाजी इंदोऱ्याचे, नागपुरातल्या दलित वस्तीतले. नोकरी विदर्भातल्या एका गावच्या सफाई खात्यात झाली. ऐवजदार म्हणजे बदली कामगार म्हणून लागले, जमादार म्हणून निवृत्त झाले. फार बोलत नाहीत, पण बोलले की वकीलसुद्धा चहाचा कप खाली ठेवतात.

"गांधी शिकायले आला, मंग नागपुरातच कायले आला? अन् नागपुरात आला तर त्याले बाबासाहेब दिसले नाही का? ज्या साली तो गेला त्याच साली, १४ ऑक्टोबरले, इथं लाखो लोकायनं दीक्षा घेतली. जातीचा मार खाल्लेला माणूस अमेरिकेतून येते, जातीच्या देशात तीन वर्षं राहते, अन् गांधी घेऊन वापस जाते. मले हे पटत नाही."

मास्तर जरा घुटमळले. खरं सांगायचं तर या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर नाहीच. लॉसननं कॉलेजच्या दिवसांत गांधींचं आत्मचरित्र वाचलं होतं. बाहेरच्या जगाला तेव्हा हिंदुस्थान म्हणजे गांधी, एवढंच माहीत होतं. मिशनच्या बंगल्यातून जे दिसतं आणि इंदोऱ्यातून जे दिसतं, ते एक नसतं.

"काकाजी, तुमचा मुद्दा मान्य," मास्तर म्हणाले. "पण परत गेल्यावर त्यानं काय केलं ते बघा. दांडी कुणाविरुद्ध होती? बाहेरून आलेल्या सरकारविरुद्ध. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात काळ्या पोरांना कोण अडवत होतं? गावातलाच दुकानदार. तोच गोरा दुकानदार तुम्हाला साबण विकेल, शाई विकेल, पैसे घेईल; पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसू देणार नाही. आता सांगा, हे दांडीसारखं आहे की महाडसारखं?"

काकाजी नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "महाड."

"महाडच! चवदार तळ्यावर गुरं पाणी पीत, बाकी कुठल्याही जातीची माणसं पाणी पीत, फक्त अस्पृश्यांना बंदी. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोल्यांचा ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि तरी पाण्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली."

"अन् मग मार पडला," काकाजी म्हणाले.

"आणि मग कोर्ट," वकील मध्ये पडले, कारण कोर्टाचा विषय निघाला की त्यांना राहवत नाही. "दावा दहा वर्षं चालला. १९३७ला हायकोर्टात निकाल लागला. म्हणजे ओंजळीनं प्रश्न सुटला नाही, निकालानं सुटला."

"ओंजळ भरली नसती तर दावा कशाचा चालवला असता साहेब?" बंटीनं विचारलं. वकिलांनी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं.

मला मास्तरांची ही तुलना पटली. लॉसननं महाडवरून काही उचललं असं कुणी म्हणत नाही. तो स्वतः नेहमी गांधींचं आणि येशूचंच नाव घेत आला. पण ज्या जागी घाव घालायचा ती जागा त्यानं बरोबर तशीच निवडली. आणि निवडली कशी? नॅशव्हिलमध्ये चर्चच्या बैठकांत त्यानं आधी बायकांना बोलू दिलं. त्यांनी सांगितलं, बाजारात खरेदीला जावं लागतं, दिवसभर वणवण होते, पोरं कडेवर रडतात, आणि अख्ख्या बाजारात टेकायला एक खुर्ची आम्हाला नाही, जायला संडास नाही. मतदानाचा हक्क, शाळा, घरं, सगळे मोठाले प्रश्न बाजूला राहिले आणि खुर्चीवर बोट पडलं.

परत गेल्यावर लॉसन ओबर्लिनला पुढं शिकायला लागला. फेब्रुवारी १९५७मध्ये तिथं किंगशी गाठ पडली. हा म्हणाला, शिक्षण संपलं की दक्षिणेत येईन. किंग म्हणाला, नंतर नको, आत्ताच ये, तुझ्यासारखं हे जाणणारं आमच्याकडं कुणी नाही. लॉसननं नॅशव्हिल गाठलं, व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात नाव घातलं आणि एका चर्चच्या तळघरात वर्ग सुरू केले. त्या वर्गांत बसलेली पोरंपोरी म्हणजे डायान नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट, जेम्स बेव्हल. अमेरिकेत आज त्यांच्यावर धडे आहेत.

"वर्ग कसले? प्रवचनच ना?" वकील म्हणाले.

प्रवचन कसलं, तालीम! निम्म्या पोरांनी गोऱ्या गुंडांची सोंगं घ्यायची. खुर्च्या मांडायच्या, उरलेल्यांनी त्यावर बसायचं. मग गुंडांनी शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, थुंकायचं, खुर्चीवरून खाली ओढायचं, सिगारेटचा धूर तोंडावर सोडायचा. बसणाऱ्यानं हात उचलायचा नाही. खाली पडलं की डोकं आणि पोट कसं झाकायचं, शेजारच्याला मार बसत असेल तर मध्ये अंग घालून मार कसा वाटून घ्यायचा, मारणाऱ्याच्या डोळ्याला डोळा कसा देत राहायचा, हे सगळं पुन्हा पुन्हा करून बघायचं. ज्याला जमणार नाही त्यानं काउंटरवर जायचं नाही. त्याला बाकीची ढीगभर कामं.

१३ फेब्रुवारी १९६०ला १२४ पोरं बाजारात उतरली. कोट-टाय, इस्त्रीचे फ्रॉक, हातात अभ्यासाची पुस्तकं. दोन आठवड्यांनी गुंड आले. मार खाणारे ८१ जण अटकेत आणि मारणारे मोकळे. ही गोष्ट ऐकून आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. जामीन न घेता पोरं तुरुंगात बसली. ईस्टरच्या खरेदीवर काळ्या वस्तीनं बहिष्कार घातला. एप्रिलमध्ये पोरांचे वकील झेड. अलेक्झांडर लुबी यांच्या घरावर बॉम्ब पडला आणि त्याच दिवशी हजारो माणसं एक शब्द न बोलता सिटी हॉलवर चालत गेली. डायान नॅशनं महापौराला भर पायऱ्यांवर विचारलं, नुसत्या रंगावरून माणसाशी भेदभाव करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? महापौर म्हणाला, वाटतं. १० मेला शहरातली सहा काउंटरं खुली झाली.

"एक गोष्ट राहिली," मास्तर म्हणाले. "त्याच दिवसांत एका पोराला मार पडत होता म्हणून लॉसन मध्ये गेला. मोटरसायकलवाल्यांचं काळं जाकीट घातलेला एक गडी त्याच्या तोंडावर थुंकला. लॉसननं काय करावं? त्यालाच विचारलं, तुझ्याकडं रुमाल आहे का? तो गडबडला आणि त्यानं खिशातून रुमाल काढून दिला! लॉसननं तोंड पुसलं, रुमाल परत दिला आणि विचारलं, तुझ्याकडं मोटरसायकल आहे का? मग दोघं गाडीवर बोलत राहिले, गाडीत काय काय बदल केलेत यावर. तोवर मार खाणारा पोरगा उठून निसटला."

"मी असतो तर हाणला असता," बंटी म्हणाला.

"म्हणून तुले काउंटरवर पाठवलं नसतं," काकाजी म्हणाले, आणि सगळे हसले. पण वकील हसले नाहीत. "हे सगळं नाटकी वाटतं मला," ते म्हणाले. "समोरचा रुमाल देतो तेव्हा ठीक. समोरचा चाकू काढतो तेव्हा?"

हा प्रश्न लॉसनलाही आयुष्यभर लोकांनी विचारला असणार. त्याचं म्हणणं, थोडक्यात, असं होतं की हिंसेत तरी कुठं हमी असते? तिथंही माणसं मरतातच. इथं निदान गाव तुमच्या बाजूला वळायची शक्यता उरते. मला हे उत्तर अर्धंच पटतं, पण वकिलांच्या चाकूपेक्षा ते जास्त विचार केलेलं आहे.

या उद्योगापायी मार्च १९६०मध्ये विद्यापीठानं त्याला काढून टाकलं. धर्मशास्त्र विभागातल्या बहुतेक प्राध्यापकांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. त्यानं बॉस्टनला जाऊन पदवी घेतली. २००६ साली त्याच विद्यापीठानं त्याला पाहुणा प्राध्यापक म्हणून सन्मानानं बोलावलं, आणि तो गेला. वकिलांना ही गोष्ट मात्र फार आवडली.

आता मेम्फिस. नॅशव्हिलची गोष्ट सांगायला गोड आहे, त्यात पोरं देखणी आहेत आणि शेवट चांगला आहे. लॉसन मला खरा कळतो तो मेम्फिसमध्ये, जिथं प्रश्न खुर्चीवरून पगारावर आला आणि सगळं अवघड होऊन बसलं.

१९६२ पासून तो मेम्फिसच्या सेंटेनरी मेथडिस्ट चर्चमध्ये पाद्री होता. १ फेब्रुवारी १९६८, पाऊस. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कचरा कामगार गाडीच्या मागच्या भागात, कचरा दाबायच्या यंत्राशेजारी, आडोशाला शिरले.

"तिथं कायले शिरले?" बंटी.

"अबे, जातीन कुठं?" काकाजींचा आवाज एकदम चढला. "कोनाच्या ओसरीत उभं राहू देते का कचरेवाल्याले? आमच्या गाडीवर पोट्टे पावसात ताडपत्रीखाली बसत. वास येते म्हणून हाटेलवाला चहासुदिक बाहेर देते, कागदाच्या कपात."

मेम्फिसमध्येही हेच होतं. वस्तीत कामगारांनी कुठं आडोसा घेतलेला गोऱ्या रहिवाशांना खपत नसे, तशा तक्रारी होत्या, तसा नियम होता. गाडी जुनी. यंत्र आपोआप सुरू झालं आणि दोघांना आत ओढून चिरडलं. दोघं रोजंदारीवरचे, त्यामुळं नुकसानभरपाईच्या विम्यात बसत नव्हते. घरच्यांना महिन्याचा पगार आणि माती द्यायला ५०० डॉलर. त्याच आठवड्यात पाऊस आला म्हणून काळ्या कामगारांना दोन तासांची मजुरी देऊन घरी पाठवलं होतं. गोऱ्या मुकादमांचा दिवस पुरा भरला होता.

१२ फेब्रुवारीला १३०० कामगार कामावर गेलेच नाहीत. लोकांच्या परसातून कचऱ्याचे गळके टब डोक्या-खांद्यावर वाहून आणणारी ही माणसं. टबातलं पाणी आणि अळ्या अंगावर सांडायच्या. घरात शिरण्याआधी दारातच कपडे उतरावे लागायचे. पगार असा की पूर्णवेळ काम करून कितीतरी जण सरकारी मदतीला पात्र. साठीच्या म्हाताऱ्यालाही मुकादम 'बॉय' म्हणायचा.

महापौर हेन्री लोब हटून बसला. संप बेकायदा आहे, आधी कामावर या, मग बोलू.

"बेकायदा होताच," वकील म्हणाले. "सार्वजनिक सेवेत संपाला मनाई होती. लोब कायद्यानं चुकला नव्हता."

"महाडचे लोकही म्हनत होते, तळं खाजगी हाये," काकाजी म्हणाले. वकिलांनी हात जोडले.

२३ फेब्रुवारीला मोर्चावर पोलिसांनी तोंडावर तिखट फवारा मारला. त्यात पाद्रीही होते. दुसऱ्याच दिवशी काळ्या चर्चेसच्या पाद्र्यांनी समिती केली आणि लॉसन तिचा अध्यक्ष झाला. तो कामगारांना म्हणाला की वंशद्वेषाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, माणूस माणूस नाही असं धरून चालणं. मग ते फलक आले. साध्या पुठ्ठ्यावर ठळक काळी अक्षरं: मी माणूस आहे. पगाराचा आकडा नाही, मागण्यांची यादी नाही.

"म्हणजे संप पगाराचा नव्हताच," वकील म्हणाले. "इज्जतीचा होता."

"साहेब, तुम्ही पगाराशिवाय इज्जत कधी पाहिली?" काकाजींनी विचारलं. "मी अठरा वर्षं ऐवजदार होतो. ज्या दिवशी पक्का सुट्टीवर, त्या दिवशी मले काम. नाही तर सकाळी गेटवर उभं राहून घरी. हजेरीच्या रजिस्टरवर नाव नाही, म्हनून मुकादम नावानं हाक मारत नसे. नाव रजिस्टरवर चढलं तवा हाक बदलली. तुम्ही दोन्ही अलग करता, आमाले ते कधी अलग दिसलं नाही."

माझ्या मते लॉसनलाही ते वेगळं दिसत नव्हतं, आणि हेच त्याचं मोठेपण. काउंटरवर बसायचा हक्क मिळाला, पण काउंटरवरचं खाणं घ्यायला खिशात पैसे नाहीत, तर तो हक्क कुणाचा? त्याचा एक शब्दप्रयोग होता, मळेवाली भांडवलशाही. गुलामांच्या मळ्यावर जी रीत होती तीच कारखान्यात, हॉटेलात, कचरागाडीवर चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

लॉसननं किंगला बोलावलं. किंग तेव्हा गरिबांची मोहीम घेऊन वॉशिंग्टनला जायच्या तयारीत होता. त्याच्या माणसांनी सांगितलं, मेम्फिसच्या फंदात पडू नका. तो १८ मार्चला आला, हजारोंची सभा झाली. मग २८ मार्चचा मोर्चा, आणि तो बिघडला. मागं काही पोरांनी फलकांच्याच काठ्यांनी दुकानांच्या काचा फोडल्या. पोलीस तुटून पडले. लॅरी पेन नावाचा १६ वर्षांचा पोरगा पोलिसाच्या गोळीनं मेला.

"इथं कुठं गेली तालीम?" वकिलांनी बरोबर नेम धरला.

मास्तरांनी ते टाळलं नाही. तळघरात शेकडो पोरं तयार करता येतात, महिने लागतात. त्या दिवशी रस्त्यावर हजारो होते, शाळा सोडून आलेली पोरं होती, आणि त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं. कामगार स्वतः कित्येक आठवडे रोज शिस्तीत चालत होते. पण मोर्चा बोलावणाऱ्याला 'ती पोरं आमची नव्हती' म्हणायची सोय नसते. लॉसननं मोर्चा तिथंच थांबवून माणसं चर्चकडं परत फिरवली आणि किंगला तिथून काढून दिलं. किंगनं ठरवलं, परत यायचं आणि शांततेत मोर्चा काढून दाखवायचा. ३ एप्रिलच्या रात्रीच्या त्याच्या शेवटच्या भाषणात लॉसनचं नाव घेऊन कौतुक आहे. ४ एप्रिलला लोरेन मोटेलच्या गॅलरीत गोळी लागली.

कट्टा काही वेळ थंड झाला. मग काकाजीच म्हणाले, "संपाचं काय झालं ते सांगा."

८ एप्रिलला किंगची विधवा कोरेटा पुढं चालली, मागं हजारो माणसं, मूक मोर्चा. १६ एप्रिलला महापालिकेनं करार केला. पगारात आधी १० सेंट आणि सप्टेंबरात ५ सेंट वाढ.

"पंधरा सेंट!" बंटी म्हणाला. "ताशी?"

"ताशी. पण मुख्य ते नव्हतं," मास्तर म्हणाले. "युनियनला मान्यता मिळाली, आणि युनियनची वर्गणी पगारातून कापून घ्यायची सोय झाली. लोब सुरुवातीपासून यालाच अडून बसला होता. पगार वाढवायला तो कधी ना कधी तयार झालाही असता. वर्गणी कापायची म्हणजे युनियन आहे हे दर महिन्याला कागदावर कबूल करायचं."

काकाजींनी मान हलवली. हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

मग बंटीनं फोनवर शोधून भलतंच काढलं. १९७८ साली लॉसननं तुरुंगात जाऊन एकाचं लग्न लावलं होतं. नवरदेव जेम्स अर्ल रे. किंगच्या खुनाबद्दल ९९ वर्षांची शिक्षा भोगणारा.

यावर मात्र कट्टा सरळ दुभंगला. वकील म्हणाले, पाद्र्याचं काम म्हटलं होतं ना मी, हे त्याचं काम, आणि इथं मात्र त्यानं ते करायला नको होतं. मास्तर म्हणाले, लॉसनची खात्री होती की खरा मारेकरी रे नाही, मागं कट आहे. पुढं किंगच्या घरच्यांनीही तेच म्हटलं. वकील म्हणाले, रेनं गुन्हा कबूल केला होता. मास्तर म्हणाले, आणि लगेच कबुली मागंही घेतली. काकाजी म्हणाले, "खुनी असो का नसो, आपल्या मित्राच्या नावानं ज्याले शिक्षा झाली त्याच्या डोक्यावर अक्षता टाकाले माझा हात उचलला नसता." मला विचाराल तर मी काकाजींच्या बाजूचा. पण रुमालाची गोष्ट ज्याला आवडते त्यानं ही गोष्टही त्याच माणसाची आहे हे सोडून देऊ नये.

पुढची पन्नास वर्षं आम्ही पाच मिनिटांत उरकली. १९७४ला लॉस एंजेलिस, होलमन चर्च, तिथून १९९९ला निवृत्ती. पण निवृत्ती नावालाच. हॉटेलात चादरी बदलणाऱ्या, संडास घासणाऱ्या बायका, बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या, त्यांच्या युनियनला त्यानं तेच तळघरातले धडे दिले. कामगारांबरोबर उभं राहणाऱ्या पाद्री-रब्बींची संघटना उभी करण्यात त्याचा हात होता. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात कामगार चळवळीवर शिकवत राहिला. तिथल्या कामगार केंद्राच्या इमारतीला २०२१ साली त्याचं नाव दिलं. २०२०मध्ये जॉन लुईस गेला तेव्हा ९१ वर्षांचा हा गुरू शिष्याच्या अंत्यसंस्कारात बोलला. ९ जून २०२४ला गेला, ९५ वर्षांचा होऊन.

"सगळं ठीक," बंटी म्हणाला, "पन मेम्फिसले मेयर होता. दिसत होता. आमच्या ॲपले मेयर कोठी हाये? सकाळी उठलं की मेसेज येते, रेट बदलला. कोनाच्या टेबलासमोर जाऊन बसू?"

"तुम्ही कायद्यानं कामगारच नाही," वकील म्हणाले. "करारात 'पार्टनर' लिहिलंय. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार म्हणून तुमचं नाव आलं, पण पगार-युनियनच्या कायद्यात नाही."

"मेम्फिसचे लोकही विम्यात बसत नव्हते, साहेब," काकाजी म्हणाले. "किती पोट्टे आहात तुम्ही तुमच्या झोनमधी?"

"ग्रुपवर दोनशेक असतीन. मागं ठरवलं होतं, एक दिवस सगळ्यायनं लॉगआउट करायचं. दुपारपर्यंत केलं. मंग कंपनीनं इन्सेंटिव्ह वाढवला अन् अर्ध्यायनं ॲप चालू केलं. दुसऱ्या दिवशी इन्सेंटिव्हही गेला."

"लोबनंही बाहेरून माणसं भरून गाड्या काढल्याच होत्या," मास्तर म्हणाले. "आणि नॅशव्हिलची पोरं फेब्रुवारीत बसली, पण आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरात गुपचूप दोन दुकानांत जाऊन, बसून, मॅनेजरशी बोलून आली होती. कोण काय उत्तर देतं ते बघायला. त्याआधीचं वर्ष नुसत्या बैठकांत गेलं."

"मंग तुमी ग्रुपवर त्या अर्ध्यायले काय म्हटलं?" काकाजींनी बंटीला विचारलं.

"काय म्हणणार? शिव्या दिल्या. काही जणायले काढून टाकलं."

"त्यायले वापस घे. अन् एकेकाच्या घरी जा. दुपारी ॲप कायले चालू केलं ते पूस. कोनाची गाडीची किस्त असन, कोनाच्या घरी बिमारी असन. नुसतं आइकून ये."

"दोनशे घरी जाऊ?"

"अर्धे म्हटलं ना तू," काकाजी म्हणाले. "शंभरच होते."